टर्बो सी ते पायथन : सीमाभागातल्या विद्यार्थ्याने मोफत साधने कशी निवडावीत

निपाणीजवळच्या एका गावात मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, होऊन मी २००९ साली डिप्लोमासाठी बेळगावात आलो. वर्गातले शिकवणे इंग्रजीत, कार्यालयातले अर्ज कन्नडमध्ये आणि खोलीवरच्या गप्पा मराठीत, अशा तीन भाषांत दिवस जात असे. त्यात सी ही संगणकाची भाषा चौथी आली. पुस्तकातला प्रोग्रॅम वहीत उतरवायचा, वहीतला संगणकावर उतरवायचा आणि तो चालला की रेकॉर्डवर सही घ्यायची, एवढाच आमचा अभ्यास होता. प्रोग्रॅम का चालला, हे विचारण्याची तिथे पद्धत नव्हती, आणि खरे सांगायचे तर मलाही ते विचारावेसे वाटत नव्हते.

प्रयोगशाळेत टर्बो सी होते. बोरलँड कंपनीचा हा निळ्या पडद्याचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला कळेल अशा रूपात आणणारे साधन, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातला. आमच्या हाती आला तेव्हाच तो फार जुना झाला होता. त्यात पूर्णांकासाठीचा इंट हा प्रकार दोन बाइटांचा असतो, म्हणजे ३२,७६७ पर्यंतचीच संख्या त्यात मावते आणि आणखी एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ येते. डिप्लोमानंतर एका मुलाखतीत इंट किती बाइटांचा असतो असे विचारल्यावर मी ठामपणे दोन म्हणालो. समोरच्या गृहस्थांनी काही न बोलता आपल्या लॅपटॉपवर जीसीसी या कंपायलरमध्ये एक ओळ चालवून मला चार हे उत्तर दाखवले. जीसीसी १९८७ पासून कोणालाही विनामूल्य मिळत आला आहे. जुन्या टर्बो सीवर शिकून आमचे पैसे वाचत होते म्हणावे, तर नव्या कंपायलरलाही पैसे पडत नव्हतेच.

ती नोकरी हुकली, आणि त्यानंतर मी उसनवारी करून एका खासगी क्लासची फी भरली. तिथे सहा महिन्यांत जे शिकवले गेले ते सगळे आज घरबसल्या विनामूल्य मिळते, किंबहुना त्यातले बरेचसे तेव्हाही मिळत होते. आम्हाला ते माहीत नव्हते इतकेच. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांची अडचण नेमकी उलटी आहे. त्यांच्या मोबाइलवर पन्नास दुवे साठवलेले असतात आणि त्यातला एकही शेवटपर्यंत पाहिलेला नसतो. म्हणून त्यांना मी प्रथम मोफत आणि मुक्त या दोन शब्दांतला फरक समजावतो, कारण निवड तिथूनच सोपी होऊ लागते.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, जीसीसी हा कंपायलर, विंडोजच्या जागी चालणारे लिनक्स आणि कार्यालयीन कामाचे लिब्रेऑफिस ही मुक्त साधने आहेत. ती उतरवून घेता येतात, मित्राला देता येतात, आतून कशी लिहिली आहेत ते पाहता येते आणि कॉलेज संपले तरी कोणी ती परत मागत नाही. दुसऱ्या प्रकारची साधने विद्यार्थी आहात तोवरच मोफत असतात. प्रोग्रॅम लिहिण्याची साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीचे विद्यार्थ्यांसाठीचे परवाने आणि प्रोग्रॅम साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाचा स्टुडंट डेव्हलपर पॅक हे या प्रकारातले. त्यासाठी आपण विद्यार्थी असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि जेटब्रेन्सचा परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. तेव्हा ओळखपत्रावर चालू वर्षाची तारीख आहे ना हे आधी पाहावे, नसेल तर कॉलेजकडून बोनाफाईड घेऊन ठेवावे. तिसऱ्या प्रकारात शिकणे मोफत असते, पण परीक्षेला किंवा प्रमाणपत्राला पैसे पडतात. त्याविषयी पुढे लिहिले आहे. नवख्याने पहिले वर्षभर पहिल्याच प्रकारात राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या प्रकारातली साधने उत्तम आहेत, पण जुन्या संगणकावर ती जड जातात आणि त्यांच्या शंभर बटणांत मूळ विषय हरवतो.

भाषेच्या अडचणीवर मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो मुंबईच्या आयआयटीने चालवलेल्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचा. साधारण दहा-दहा मिनिटांचे हे पाठ मराठीत आहेत, कन्नडमध्येही आहेत, आणि लिनक्स, सी, पायथन, लिब्रेऑफिस असे विषय त्यांत येतात. त्यांची एक गोष्ट विचारपूर्वक ठेवलेली आहे : आवाज मराठीत असला तरी पडद्यावरचा मजकूर इंग्रजीतच राहतो. त्यामुळे संकल्पना आपल्या भाषेत कळते आणि हात मात्र इंग्रजी शब्दांना सरावतो. हे पाठ नुसते पाहायचे नसतात. पडद्याच्या एका बाजूला पाठ व दुसऱ्या बाजूला आपला एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याची खिडकी, उघडून, दर अर्ध्या मिनिटाला थांबवत, तेच आपण करायचे असते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे असे करतात ते दहा मिनिटांच्या पाठाला पाऊण तास घेतात, आणि तसाच वेळ लागला पाहिजे. जोडीला तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर अभियांत्रिकी व डिप्लोमाची मराठी आणि कन्नड पाठ्यपुस्तके विनामूल्य आहेत. त्यांतले काही पारिभाषिक शब्द इतके अवघड आहेत की त्यापेक्षा इंग्रजी शब्द बरा वाटतो, परंतु एखादा परिच्छेद इंग्रजीत तीनदा वाचूनही उमगला नाही तर मराठी पान जवळ असलेले चांगले.

सुरुवातीचा एडिटर म्हणून मी थॉनी सुचवतो. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालेला हा एडिटर पायथन सोबत घेऊनच येतो, आणि प्रोग्रॅम एकेक पायरीने चालवून कोणत्या चलात, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावात, कोणती किंमत आहे ते शेजारच्या चौकटीत दाखवतो. आमच्याकडच्या शाळांत अजून विंडोज ७ चे संगणक आहेत. त्यांवर पायथनची ३.८ च्या पुढची आवृत्ती चालत नाही, त्यामुळे नवी आवृत्ती टाकण्याचा प्रयत्न करून संगणकच बिघडला अशी समजूत करून घेऊ नये. थॉनीची पायथन ३.८ सह येणारी प्रत अशा संगणकांसाठीच आहे. घरी संगणक नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे अ‍ॅप नेटशिवायही चालते. मोबाइलच्या कीबोर्डवर कंस आणि अवतरणचिन्हे शोधताना जीव मेटाकुटीला येतो हे मान्य, पण बसच्या प्रवासात दहा ओळींचा प्रोग्रॅम सहज होतो.

आता एका प्रसंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझी शिकवण्याची रीत त्यामुळे बदलली. दर रविवारी गावातल्या वाचनालयाच्या खोलीत मी आठवी ते पीयूसीच्या, म्हणजे बारावीपर्यंतच्या, मुलांना बसवतो. निपाणी-चिक्कोडी भागात घरोघरी उसाचा हिशेब चालतो, म्हणून तोच स्वाध्याय दिला. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, ठरवली होती आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैशांची वाढ होती. एका मुलाने सरळ प्रोग्रॅम लिहिला : उताऱ्यातून १०.२५ वजा करायचे, ०.१ ने भागायचे, येणाऱ्या संख्येचा पूर्णांक भाग घ्यायचा आणि त्याला ३.३२ ने गुणायचे. उतारा १०.८५ दिला, तर उत्तर आले ३५६ रुपये ६० पैसे.

माझे वडील त्या दिवशी वर्तमानपत्र वाचायला येऊन बसले होते. त्यांनी खिशातल्या काटापावतीच्या पाठीवर पेन्सिलीने मांडणी केली आणि ३५९ रुपये ९२ पैसे असा आकडा काढला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “कारखान्याचा काटा मारतोय ते पुरं न्हाई व्हय लेका, आता तुझा संगणक बी कापाय लागला?” खोलीभर हशा पिकला, पण आकडा त्यांचाच बरोबर होता. चाळीस टनांना हा फरक १,३२८ रुपये होतो.

चूक मुलाच्या गणितात नव्हती. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, साठवतो आणि १०.८५ ही संख्या त्या पद्धतीत तंतोतंत बसत नाही, त्यामुळे १०.८५ उणे १०.२५ याचे उत्तर ०.६ न येता ०.५९९९९९९९९९९९९९९६ येते, त्याला ०.१ ने भागल्यावर सहाला किंचित कमी राहते, आणि पूर्णांक भाग घेताना उरलेले सगळे गळून पाच उरतात. उताऱ्याला आधीच शंभराने गुणून १,०८५ आणि १,०२५ असे पूर्णांक घेतले की वजाबाकी ६० येते, आणि ०.१ ऐवजी दहाने भागले की टप्पे नेमके सहा. पायथनमध्ये अशा हिशेबांसाठी डेसिमल नावाचे तयार मोड्यूलही (जोडून घेण्याचा भाग) आहे. हाच धडा मी पूर्वी दोनदा फळ्यावर शिकवला होता आणि एकाच्याही लक्षात राहिला नव्हता. त्या रविवारनंतर तो कोणी विसरलेले नाही. तेव्हापासून परक्या पुस्तकातले बँकेच्या व्याजाचे उदाहरण मी देत नाही. ज्याचे उत्तर घरातल्या कोणाला तरी हाताने काढता येते असाच प्रश्न नवख्याने निवडावा, म्हणजे तपासायला माणूस घरातच मिळतो.

मराठीतून प्रयोग करायलाही पायथन ३ चांगले आहे. त्यात चलांना ऊस, वजन, दर अशी देवनागरी नावे देता येतात, आणि वापरणाऱ्याने ४० हा आकडा मराठी अंकांत टाइप केला तरी त्याचे संख्येत रूपांतर होते. मात्र प्रोग्रॅमच्या ओळीत थेट मराठी अंक लिहिले तर ते चालत नाहीत. निपाणी या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर तीन येत नाही, सहा येते, कारण वेलांट्या आणि काना हे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, स्वतंत्रपणे मोजले जातात. तोच शब्द उलटा करायला सांगितला की शेवटची दीर्घ वेलांटी सर्वांत आधी, कोणत्याही अक्षराविना लोंबकळत येते. मुलांना यात फार मजा वाटते, आणि मजकूर संगणकात कसा साठवला जातो हे व्याख्या न सांगता कळते.

प्रमाणपत्रांबद्दल पालक हमखास विचारतात. आयआयटी व आयआयएस्सी यांच्या एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवणे, व्हिडिओ पाहणे आणि स्वाध्याय सोडवणे विनामूल्य आहे. परीक्षेला बसायचे असेल तरच शुल्क पडते, जे मी परीक्षा दिली तेव्हा हजार रुपये होते. गुणांत २५ स्वाध्यायांचे व ७५ परीक्षेचे असतात, आणि २५ पैकी किमान १० व ७५ पैकी किमान ३० मिळवावे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यापासून स्वाध्याय चुकवू नयेत. आमच्यातले बरेच जण गणपतीच्या आठवड्यात मागे पडतात ते पडतातच. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम कठीण पण अतिशय कसदार आहे. त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र मोफत मिळते, एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे पडताळणीचे प्रमाणपत्र मात्र विकत घ्यावे लागते. मराठी माध्यमाच्या मुलाने तो सुरुवातीलाच हाती घेऊ नये, पायथनचे सहा महिने झाल्यावर घ्यावा.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी. स्क्रॅच हे लहान मुलांना ठोकळे जोडून प्रोग्रॅमिंग शिकवणारे, एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये २००७ साली सुरू झालेले साधन नेटशिवाय चालणाऱ्या अ‍ॅपच्या रूपातही मिळते, परंतु त्याच्या तिसऱ्या आवृत्तीला विंडोज १० लागते. तेव्हा प्रयोगशाळेतले संगणक पाहूनच तासाची आखणी करावी. दुसरे म्हणजे वीज आणि नेट यांच्या भरवशावर तास ठेवू नये. पावसाळ्यात आमच्याकडे दोन्ही एकदमच जातात. मी एका पेनड्राइव्हमध्ये थॉनी, पायथनची उतरवून घेतलेली संपूर्ण मदतपुस्तिका, स्पोकन ट्यूटोरियलचे मराठी पाठ आणि नेटशिवाय विकिपीडिया वाचता येणारे किविक्स भरून ठेवले आहे, आणि तो मुले आठवड्याभरासाठी आळीपाळीने नेतात.

पेनड्राइव्ह परत करताना त्यात स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम आणि तो लिहिताना आलेल्या एररची, प्रत्येकीचा मराठी अर्थ लिहिलेली यादी असली पाहिजे, एवढी अट आहे. गेल्या खेपेला नववीतल्या एका मुलीने आईच्या विड्यांचा आठवड्याचा हिशेब भरून दिला : रोज वळलेल्या विड्या, छाट म्हणून बाजूला काढलेल्या, आणि हजारामागे मजुरी. यादीत अकरा एरर होत्या. मजुरीचे सगळे आकडे तिने रुपयांत न ठेवता पैशांत ठेवले होते.