नशा करणाऱ्यांसोबत काम करायचं असेल तर : खान्देशातून काही अनुभवाच्या गोष्टी

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की एम.एस.डब्ल्यू.ची, नर्सिंगची, क्वचित फार्मसीची मुलंमुली आमच्या गटाची चौकशी करत येतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : "ताई, आतापर्यंत किती जणांची सुटली?" विचारण्यात काही गैर नाही. पण आम्ही हिशेब दुसरीकडून सुरू करतो. माणूस आज जिवंत आहे का, जखम चिघळली तर दवाखान्यात सोबत जायला कुणी आहे का, त्याची तपासणी झाली का, रात्री तो एकटाच पडून असतो का. सोडायचं त्याच्या मनात आलं तर आम्ही सगळी मदत करतो. नाही आलं तरी पुढच्या आठवड्यात आम्ही येणारच असतो. शहरातल्या संस्था याला हार्म रिडक्शन म्हणतात. आम्ही आपलं 'नुकसान कमी करणं' म्हणतो.

आमचं काम भुसावळ, जळगाव आणि अधूनमधून धुळ्याच्या बाजूला चालतं. भुसावळ जंक्शन आहे. मुंबई-आग्रा हायवे धुळे-शिरपूरवरून मध्य प्रदेशात जातो. सुरत-नागपूर हायवे नवापूर, धुळे, जळगाव, भुसावळ असा सगळा खान्देश कापत जातो. ट्रक, गाड्या, रात्रभर जागणारी माणसं आणि घरापासून तुटलेली पोरं या रस्त्यांवर कायमची आहेत. नवीन मुलं डोक्यात मुंबईची ब्राउन शुगर घेऊन येतात. इथं सगळ्यात जास्त भेटते ती दारू. त्यानंतर झोपेच्या गोळ्या (पोरं 'कुत्ता गोळी' म्हणतात, ती बहुधा अल्प्राझोलामसारखी गोळी असते), कोडीनचं खोकल्याचं औषध, गांजा, आणि स्टेशनजवळच्या लहान पोरांकडे चिंधीत ओतून हुंगायचं सोल्युशन. टोचून घेणारे थोडे आहेत, पण लपून असतात. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी आणि सुईनं नशा करणारे सुमारे साडेआठ लाख, असा अंदाज आहे. दोन्हींची गरज वेगळी, धोके वेगळे. म्हणून समोरचा माणूस नेमकं काय घेतो, कशासोबत घेतो आणि कुठं बसून घेतो, हे समजून घेतल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.

यायच्या आधी करायची गोष्ट म्हणजे हिपॅटायटिस बी ची लस. तीन डोस असतात : पहिला, एक महिन्यानंतर दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. "आम्ही तर फक्त बोलणार" असं म्हणून टाळू नका, रुळांच्या कडेला चालताना सुई कुठंही असते. पायात जाड तळव्याचा बूट हवा, चप्पल चालणार नाही. चुकून सुई टोचलीच तर जागा वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, आणि तडक सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या शक्यतो दोन तासांच्या आत आणि कसंही करून 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. त्या 28 दिवस घ्यायच्या असतात. घरी काय सांगायचं याचा विचार नंतर करता येतो. मुलींनी एकटं फिरायचं नाही, मुलांनीही नाही. आम्ही नेहमी जोडीनं जातो आणि कुठं आहोत हे तिसऱ्या कुणाला तरी माहीत असतं.

आता बोलण्याबद्दल, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथंच अडतो. आपल्याकडे कुणीही भेटलं की आधी "कुठले तुम्ही? कोणाकडचे?" विचारायची रीत आहे. गाव कळलं, आडनाव कळलं की दोन मिनिटांत कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी साडू निघतो. एरवी हीच आपुलकी. इथं मात्र त्या प्रश्नावर माणूस गप्प होतो, आणि पुढच्या वेळी आपल्याला पाहून उठून जातो, कारण गावाकडे कळेल ही त्याची सगळ्यात मोठी भीती असते. गाव विचारू नका. "काय रे भो, जेवला का?" एवढ्यावर सुरुवात होते. धुळ्याकडचा असेल तर "कसं शे भाऊ?" म्हटलं की त्याचा चेहरा सैल पडतो. वयानं मोठा असेल तर अप्पा, नाना, अण्णा म्हणा. नशेत असला म्हणून कुणी अरेतुरेवर येत नाही, आमच्या गटात तरी येऊ देत नाही. आणि जे बोललात ते पाळा. मंगळवारी येतो म्हणालात तर मंगळवारी या. या माणसांना आजवर पुष्कळांनी "उद्या येतो" म्हटलेलं असतं.

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या आसपास जातो. त्या दिवसांत आमच्या पिशवीत पाणी, ओआरएसची पाकिटं आणि ओले रुमाल सगळ्यात जास्त असतात. दारू पिऊन उन्हात पडलेला माणूस झोपलाय की उष्माघातानं बेशुद्ध झालाय, हे लांबून कळत नाही. जवळ जाऊन हाक मारावी लागते. नवीन मुलांना मी पहिल्या उन्हाळ्यात हेच काम देते.

दारूबद्दल एक गोष्ट खान्देशात येणाऱ्या प्रत्येकाला कळलीच पाहिजे. पालखी निघायच्या सुमारास पुष्कळ घरांत माणूस एका दिवसात दारू सोडतो. माळ घालतो, शपथ घेतो. घरचे आनंदात असतात. रोज सकाळपासून पिणारा असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसायला लागतात, तो नसलेल्या माणसांशी बोलतो, ओळख विसरतो. घरात कुणीतरी म्हणतं, बाहेरचं झालं. मग उतारा होतो, लिंबू फिरतं, आणि दवाखान्यात न्यायची वेळ निघून जाते. हा दारू एकदम तुटल्याचा आजार आहे आणि त्यात माणूस दगावू शकतो. त्यावर उपचार आहेत : डॉक्टर झटके रोखणारी औषधं ठरावीक दिवस देऊन हळूहळू कमी करतात, बी-1 जीवनसत्त्वाची सुई देतात. माळ घालायला आमचा कधीच विरोध नाही. माळेनं सावरलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. आम्ही एवढंच सांगतो की आधी डॉक्टरला दाखवा, मग माळ घाला, आणि पहिला आठवडा घरातल्या कुणीतरी जवळ राहा. हे सांगण्यात कीर्तनकार महाराजांची साथ मिळाली तर आमच्या शंभर पत्रकांपेक्षा जास्त उपयोग होतो.

झोपेच्या गोळ्यांचंही तसंच आहे. महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केल्या तर फिट येते. आई घरातली सगळी गोळी संडासात टाकते आणि रात्री पोराला झटके सुरू होतात. अशा वेळी नाकाला कांदा, चप्पल लावू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, 108 ला फोन करा.

गोळी आणि दारू, किंवा गोळी आणि कोडीनचं औषध हे एकत्र सगळ्यात घातक. दोन्ही श्वास मंद करतात. माणूस घोरतोय असं वाटतं, सोबतचे म्हणतात झोपू दे, आणि सकाळी तो उठत नाही. म्हणून लक्षणं पाठ करा : हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीनं जोरात चोळूनही जाग येत नाही, श्वास फार सावकाश किंवा घरघर आवाजाचा, ओठ-नखं निळसर किंवा राखाडी. अफूवर्गातलं काही (कोडीन, ब्राउन शुगर वगैरे) घेतलं असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आधी 108. मान मागे करून श्वासाची वाट मोकळी करा, श्वास अगदी थांबत आला असेल तर दर पाच सेकंदांना एक असा तोंडानं श्वास द्या. स्वतःहून श्वास घेऊ लागला की कुशीवर वळवा आणि सोडून जाऊ नका. मिठाचं पाणी पाजणं, ओकवणं, थंड पाणी ओतणं हे सगळं बंद. नालोक्सोन नावाचं औषध अफूवर्गाचा परिणाम उलटवतं, पण त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो आणि झोपेच्या गोळ्यांवर ते चालत नाही, म्हणून रुग्णालय चुकत नाही. सगळ्यात जास्त धोका कुणाला, तर जो महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात किंवा जेलमध्ये राहून आला त्याला. अंगाची सवय मोडलेली असते आणि तो जुन्याच मापानं घेतो. असा माणूस परतला की पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे आमच्या दोन चकरा जास्त होतात. आम्ही त्याला स्पष्ट सांगतो : घेणारच असशील तर एकटा घेऊ नको, थोडंच घे, मिसळू नको. हे वाक्य ऐकून नवीन मुलं दचकतात. घ्या म्हणून सांगतोय का आपण? नाही. तो घेणार आहे हे आपल्याला दिसतंय, आणि तो उद्या असावा एवढंच आपण बघतोय.

सुईवाल्यांच्या बाबतीत हौस म्हणून कुणी मेडिकलमधून सुया आणून वाटायच्या नाहीत. नव्या सुया देणं आणि वापरलेल्या परत घेणं हे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मान्यताप्राप्त प्रकल्पातून चालतं, आणि 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम 22 नं अशा कामाला संरक्षण दिलंय. त्या चौकटीत राहिलात तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. जिल्ह्याच्या एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडे, म्हणजे डापकूकडे जा. जवळचा प्रकल्प कुठं आहे आणि ब्युप्रेनॉर्फिन (अफूवर्गातल्या नशेऐवजी देतात ते औषध) देणारं केंद्र कुठं आहे हे तिथं कळतं. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी नर्सच्या समोर जिभेखाली विरघळेपर्यंत धरायची असते. तलफ आणि अंगदुखी आटोक्यात राहते, सुईची गरज पडत नाही, माणूस कामावर जातो. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं म्हणणारे भेटतील. त्यांना बीपीची गोळी रोज घेणाऱ्या वडिलांची आठवण करून द्या. खरी अडचण अंतराची असते. चाळीसगावच्या हमालाला रोज दुसऱ्या गावी जाऊन गोळी घ्यायची म्हणजे भाडं आणि अर्धी मजुरी गेली. हे गणित त्याच्यासोबत बसून सोडवणं हे तुमचं काम.

तपासणीला एकट्याला पाठवू नका, सोबत जा. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी मोफत असते. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांत साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तो उपचार मोफत आहे. हे ऐकून डोळे मोठे झालेली माणसं मी पाहिली आहेत, कारण आपलं काहीच बरं होणार नाही असं ती धरून बसलेली असतात.

पोलिसांचं थोडक्यात. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा 1985 चा. सेवन करणं हाही त्यात गुन्हा आहे (कलम 27), पण स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला कलम 64-अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. तुम्ही स्वतः कुणाची पुडी, बाटली, गोळ्यांचं पाकीट एक मिनिटही हातात धरायचं नाही, कुणासाठी काही आणायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. ओळखपत्र गळ्यात हवं. फोटो काढायचे नाहीत, स्टेटसला तर मुळीच ठेवायचे नाहीत. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहायचा.

घरच्यांशी बोलणं मला आजही सगळ्यात जड जातं. माय पदर डोळ्याला लावून म्हणते, "कुठं तरी टाकून द्या त्याला, पण जिता राहू द्या." तिला दोष देऊ नका. पण बांधून नेणाऱ्या, मारहाण करणाऱ्या केंद्रांपासून तिला वाचवा. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारायला शिकवा. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये दारू आणि नशेशी जोडलेले मानसिक आजारही येतात, आणि रुग्णाचे हक्क तिथंही लागू आहेत. घरच्यांना फोन करायला तीन नंबर द्या : व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस 14416, एचआयव्हीच्या माहितीसाठी 1097. बायका स्वतः नशा करत असतील तर त्या नाक्यावर कधीच दिसणार नाहीत. आशाताईंशी ओळख वाढवा, त्यांना गल्लीतलं सगळं ठाऊक असतं.

करिअरचं विचाराल तर वाट आहे. एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पांत समुपदेशक, आउटरीच वर्कर (वस्तीत फिरून लोकांना भेटणारा), नर्स, प्रकल्प व्यवस्थापक अशी पदं असतात आणि समाजकार्य किंवा मानसशास्त्राची पदवी तिथं उपयोगी पडते. पगार थोडे, करार वर्षावर्षाचे. हे आधी माहीत असलेलं बरं. पिअर एज्युकेटर, म्हणजे जे स्वतः त्यातून गेलेत, त्यांच्याकडून मात्र शिकून घ्या. मला कुठला माणूस आज बिघडलाय हे अजूनही आधी त्यांच्याकडूनच कळतं, आणि डिग्री नाही म्हणून बैठकीत त्यांना शेवटी बसवणाऱ्यांशी मी दरवेळी भांडते.

बहुतेक जण वर्ष-दीड वर्षात जातात. पुण्याला नोकरी लागते, लग्न ठरतं, परीक्षा येते. जा, पण सांगून जा. निदान दोन-तीन आठवडे आधी प्रत्येकाला स्वतः भेटून सांगा की मी जाणार आहे. तुमच्या जागी येणाऱ्याला सोबत घेऊन फिरा, ओळख करून द्या. कुणाची गोळी चालू आहे, कुणाची तपासणी राहिली, कुणाच्या पायाची जखम अजून ओली आहे, हे त्याला क्रमांकानिशी लिहून द्या. स्वतःचा मोबाईल नंबर कुणाला दिला असेल तर त्यांना गटाचा नंबर द्या आणि पुढच्या फोनला तिकडून उत्तर मिळतंय ना, हे निघायच्या आधी एकदा लावून बघा.