सायकलच्या फ्रेमचे योग्य माप कसे ठरवावे

सायकल घेताना बहुतेक जण चाकाचे माप विचारतात. परंतु २६, २७.५ किंवा २९ इंच हे आकडे चाकाचे असून त्यांवरून फ्रेम आपल्या अंगाला बसेल की नाही, हे कळत नाही. फ्रेमचे माप म्हणजे ढोबळमानाने क्रँकच्या (पायडल ज्यांना जोडलेले असतात त्या दांड्यांच्या) मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी. रोड सायकलींसाठी ते सेंटिमीटरमध्ये, माउंटन सायकलींसाठी बहुधा इंचांत किंवा एस, एम, एल अशा अक्षरांत दिलेले असते.

प्रथम पायाची आतली लांबी मोजावी, कारण उंची सारखी असूनही दोघांच्या पायांच्या लांबीत चांगलाच फरक असू शकतो. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून, पावलांमध्ये साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवून उभे राहावे. एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक मांड्यांमध्ये धरून, त्याची एक कड भिंतीला सपाट टेकवून, सीटवर बसल्यावर जाणवतो तेवढा दाब येईपर्यंत ते वर सरकवावे आणि त्याच्या वरच्या कडेपाशी पेन्सिलने खूण करावी. जमिनीपासून या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे पायाची आतली लांबी. संकोचाने पुस्तक सैल धरले, तर माप हमखास कमी येते; म्हणून दोन-तीनदा मोजून पाहावे.

रोड सायकलसाठी या लांबीला ०.६७ ने गुणावे. लांबी ८० सेंटिमीटर असेल, तर उत्तर ५३.६ येते, म्हणजे ५३ किंवा ५४ ची फ्रेम पाहावी. मात्र हे सूत्र वरची (सीटकडून हँडलकडे जाणारी) नळी जमिनीला समांतर असलेल्या जुन्या घडणीच्या फ्रेमवर बेतलेले आहे. आजच्या उतरत्या नळीच्या फ्रेमना, आणि माउंटन सायकलींना तर मुळीच, ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

म्हणूनच माझ्या मते खरे लक्ष द्यायला हवे ते फ्रेमच्या आडव्या लांबीकडे. कंपनीच्या मापांच्या तक्त्यात ‘रीच’ आणि ‘स्टॅक’ असे दोन आकडे असतात: क्रँकच्या मध्यापासून हँडलकडच्या नळीच्या वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच आणि उभे अंतर म्हणजे स्टॅक. एका कंपनीचा ‘एम’ दुसरीच्या ‘एल’एवढा लांब असू शकतो, त्यामुळे अक्षरांची नव्हे, या आकड्यांची तुलना करावी. सीट बरीच वर-खाली करता येते, पण लांबीची चूक स्टेम (हँडल धरून ठेवणारा जोड) बदलून जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच सुधारते.

यानंतर सायकल प्रत्यक्ष चालवून पाहावी. वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर नळीच्या वर रोड सायकलला किमान दोन-तीन, तर माउंटन सायकलला पाच किंवा अधिक सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. सीटची उंची, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर, पायाच्या लांबीच्या ०.८८३ पट ठेवून सुरुवात करावी. वरच्या उदाहरणात ती सुमारे ७०.६ सेंटिमीटर येते. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. हँडल धरल्यावर कोपरे ताठ होत असतील किंवा खांदे कानांकडे चढत असतील, तर फ्रेम बहुधा लांब आहे. पायडल मारताना गुडघे हँडलला लागू पाहत असतील, तर ती आखूड आहे.

माप दोन आकड्यांच्या मध्ये येत असेल, तर हात व धड लांब असणाऱ्यांनी मोठी आणि चपळ हाताळणी हवी असणाऱ्यांनी लहान फ्रेम निवडावी. लहान फ्रेम घेतल्यास सीटपोस्टवरील (सीट धरणाऱ्या दांडीवरील) किमान खोलीची खूण मात्र तपासावी: हवी ती उंची गाठताना ती खूण नळीबाहेर दिसू लागली, तर ती फ्रेम आपल्यासाठी नाही.