उत्पत्तीतल्या दोन निर्मितीकथा कशा वाचाव्यात

बायबलचं पहिलंच पुस्तक, उत्पत्ती, जगाच्या निर्मितीची कथा लागोपाठ दोनदा सांगतं. दोन्हींची सरमिसळ केली की वाचणारा गोंधळतो. म्हणून माझा आग्रह आहे: आधी दोन्ही वेगवेगळ्या वाचा, मेळ नंतर घाला.

पहिल्यांदा हद्द ठरवा. पहिली कथा पहिल्या अध्यायाबरोबर संपत नाही, ती २:३ पर्यंत, म्हणजे दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनापर्यंत जाते. आजचे अध्याय १३व्या शतकात पाडले गेले, त्यात विश्रांतीचा सातवा दिवस पुढच्या अध्यायात गेला.

मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे पहिली कथा दिवसवार उतरवा: उजेड, अंतराळ (म्हणजे आकाश) आणि पाणी, कोरडी जमीन आणि वनस्पती, सूर्य-चंद्र-तारे, मासे आणि पाखरं, सहाव्या दिवशी जनावरं आणि माणूस, नर-नारी एकदमच. आता पहिला-चौथा, दुसरा-पाचवा, तिसरा-सहावा अशा जोड्या लावा. आधीचे तीन दिवस जागा तयार होतात, पुढचे तीन दिवस त्या भरतात.

सूर्याआधी उजेड कसा, हा प्रश्न इथे पडतोच. तो घाईने सोडवू नका. या कथेत सूर्य-चंद्राचं नावसुद्धा घेतलेलं नाही. नुसती ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’. बाबेल (बॅबिलोन) आणि मिसर (इजिप्त) देशांत लोक त्यांना देव मानून पूजत. इथे त्यांना नेमून दिलेलं काम आहे आणि तेही चौथ्या दिवशी. मला हे या कथेतलं सर्वांत धीट विधान वाटतं.

उजवीकडे दुसरी कथा लिहा. इथे दिवसांची मोजणी नाही. परमेश्वर देव मातीतून माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, एदेन बाग लावतो. मग पशुपक्षी, शेवटी फासळीतून स्त्री. पहिल्या कथेत देव बोलतो तसं घडत जातं, इथे तो माणसाच्या अगदी जवळ येतो.

आता मेळ घाला. अनेक अभ्यासक या दोन वेगळ्या काळच्या परंपरा मानतात. पहिलीचा संबंध ते बाबेलच्या बंदिवासाच्या, म्हणजे यहुदी लोकांना बाबेलला कैद करून नेलं त्या काळाशी जोडतात. बरेच ख्रिस्ती वाचक दुसरीत सहाव्या दिवसाचाच तपशील पाहतात. कोणतीही बाजू घ्या, पण पानावरचे फरक खोडू नका.

यानंतर बायबलमधलेच स्तोत्र १०४, ईयोब ३८ आणि योहान १ हे अध्याय वाचा. ईयोबात तर देवच माणसाला उलट विचारतो: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास?