सहा सीटची की सात सीटची? कुटुंबासाठी एसयूव्ही घेताना या चुका टाळा

सफारी, एक्सयूव्ही ७००, अल्काझार, कॅरेन्स या गाड्या सहा आणि सात अशा दोन्ही आसनरचनांत आल्या आहेत. फरक मधल्या रांगेत असतो. सहा सीटच्या गाडीत तिथे दोन सुट्या कॅप्टन सीट असतात, सातच्या गाडीत तिघांची बेंच. शोरूममध्ये कॅप्टन सीटवर पाच मिनिटं बसलं, दोन्ही बाजूंचे आर्मरेस्ट खाली घेतले, की निर्णय झालेलाच असतो. आणि नेमका तिथेच हिशेब चुकतो.

पाच जणांच्या घराने कॅप्टन सीट घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आई-वडील, दोन मुलं आणि आजी असं घर धरा. पुढे दोघं, मधे दोघं, पाचवं माणूस थेट तिसऱ्या रांगेत. म्हणजे पाचही जण निघाले की तिसरी रांग उघडायचीच, आणि ती उघडली की डिकी गेली. बहुतेक गाड्यांत मग मागे दोन-तीन मऊ बॅगा राहतील एवढीच जागा उरते. तिसरी रांग ५०:५० दुमडत असेल तर अर्धी पाडून निभावतं. ती एकसंध असेल तर एका माणसापायी अख्खी डिकी जाते, आणि गणपतीला कोकणात जाताना सामान टपावर चढतं. बेंच असेल तर हेच पाच जण दोन रांगांत बसतात आणि डिकी पूर्ण मोकळी राहते.

म्हणून पाच जणांना सात सीटचीच गाडी घ्या. एरवी चौघं आणि अधूनमधून सहा जण असतील तर कॅप्टन सीट खुशाल घ्या. बेंच घेताना मात्र मधल्या जागेवर मोठं माणूस बसवून बघा. तिथे स्वतंत्र हेडरेस्ट आहे का, बेल्ट खांद्यावरून येणारा तीन-बिंदूंचा आहे की नुसता कमरेचा, आणि पायाशी फरशीचा उंचवटा किती, हे तिन्ही तपासा.

चाइल्ड सीट कुठे बसेल हे न बघणं

चाइल्ड सीट गाडीला जखडायचे आयसोफिक्सचे हुक सहसा मधल्या रांगेच्या दोन्ही टोकांना असतात. तिसऱ्या रांगेत जायला बहुधा डावीकडची सीट पुढे दुमडून उचलावी लागते, आणि तिच्यावर चाइल्ड सीट जखडलेली असली की ती उचलताच येत नाही. तिसऱ्या रांगेचा रस्ताच बंद! चाइल्ड सीट उजवीकडे लावली तर वाट मोकळी राहते, पण मुलाला रहदारीच्या बाजूने चढवावं-उतरवावं लागतं. इथे कॅप्टन सीटचा खरा फायदा आहे. चाइल्ड सीट जागेवर ठेवून मधल्या वाटेने मागे जाता येतं. मात्र काही गाड्यांत या दोन सीटच्या मधे पक्का कन्सोल (सामान ठेवायचा खोका) असतो. तो असेल तर हा फायदा संपला.

लांबच्या प्रवासात मूल बेंचवर आडवं झोपेल, या विचाराने बेंच निवडू नका. ब्रेक लागला की ते थेट खाली किंवा पुढच्या सीटवर आदळतं. १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १,००० रुपये दंड आहे.

तिसरी रांग आधी आणि चुकीच्या क्रमाने तपासणं

शोरूममधल्या गाडीत मधली रांग बऱ्याचदा पुढे सरकवलेली असते, त्यामुळे मागे ऐसपैस वाटतं. चालवणाऱ्याची सीट त्याच्या सवयीप्रमाणे लावा. मग मधल्या रांगेत घरातलं उंच माणूस आरामात बसवा. उरलेल्या जागेत तुम्ही मागे बसा, आणि टेस्ट ड्राइव्हची निदान १५ मिनिटं तिथेच काढा. तिथली फरशी उंच असते, गुडघे वर येतात, मांड्यांना आधार राहत नाही. जागा मागच्या चाकांजवळ, त्यामुळे खड्डे जास्त जाणवतात आणि घाटात उलटीचा त्रास होणाऱ्याला तिथे बसवूच नये. एसीचे झरोके आणि ब्लोअर मागे वेगळे आहेत का, पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतात का, हेही विचारा.

बोलेरो, बोलेरो निओ या गाड्यांत मागच्या सीट एकमेकांसमोर, बाजूला तोंड करून असतात. त्यांच्यावर चाइल्ड सीट बसत नाही. मुलांसाठी त्या जागा मोजूच नका.

बाकीच्या दोन चुका

कॅप्टन सीटमधल्या वाटेत बॅगा रचू नका. तिसऱ्या रांगेतल्यांची बाहेर पडायची वाट बंद होते आणि जोरात ब्रेक मारला की बॅगा पुढे येतात.

सात सीटची गाडी घेऊन बाहेरून कॅप्टन सीट बसवून घेणं हा तर सरळ धोका आहे. सीट आणि बेल्ट जिथे बोल्टने पकडतात ती ठिकाणं अपघाताचा जोर सोसतील अशी बनवलेली असतात. आरसीवर आसनसंख्या सात आणि गाडीत सहा, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतल्या बदलांबाबतच्या कलम ५२ चा प्रश्न येतो आणि विम्याच्या दाव्यात अडचण. हवी ती रचना कंपनीकडूनच घ्या. त्या व्हेरिएंटसाठी थांबावं लागलं तरी चालेल.