पावसाची ओढ बसण्याआधी जेलची आपल्या पाण्यात परीक्षा घ्यावी

रोपे दोन ते चार पानांवर असताना पावसाने ओढ दिली की हायड्रोजेलवर, म्हणजे पाणी शोषून फुगणाऱ्या आणि मुळाशी ओल धरून ठेवणाऱ्या दाण्यांवर, विसंबलेली पिके सर्वांत आधी माना टाकतात, हे मी अनेक शेतांत पाहिले आहे. अशा बहुतेक ठिकाणी जेल बनावट नव्हते. आपल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात ते किती फुगते हे कोणी तपासलेच नव्हते, आणि जमिनीत ओलीचा साठा आहे या समजुतीने पाण्याची पाळी लांबवली होती. पेरणी तोंडावर आली असेल तर इतर कामे मागे ठेवून ही तपासणी आजच करावी.

जेलचा दाणा म्हणजे लांब रेणूसाखळ्यांचे जाळे असते. साखळ्या ठिकठिकाणी आडव्या बंधांनी जोडलेल्या असल्यामुळे दाणा पाण्यात विरघळत नाही, केवळ फुगतो. बंध फार विरळ असतील तर जेल मातीच्या दाबाखाली टिकत नाही, आणि फार दाट असतील तर फुगायला वाव राहत नाही. पॉलिअ‍ॅक्रिलेट प्रकारच्या जेलमध्ये साखळ्यांवर ऋण भार असतो व त्यामुळेच दाणा शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या काही शे पट पाणी ओढतो. तोच दाणा ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात साधारण ३० ते ६० पटींवर येतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा उपद्रव याहून मोठा आहे, कारण त्यांचा दुहेरी धन भार दोन ऋण भारांना एकत्र बांधतो, जाळ्यात नको असलेले नवे बंध पडतात आणि दाणा आवळला जातो. मिठाचा परिणाम चांगल्या पावसाने बराचसा धुऊन जातो, पण कॅल्शियमने आवळलेला दाणा सहसा पूर्वीसारखा फुगत नाही.

परीक्षा सोपी आहे. एक ग्रॅम जेल एक लिटर पावसाच्या पाण्यात आणि एक ग्रॅम एक लिटर सिंचनाच्या पाण्यात रात्रभर ठेवावे, सुती कापडातून अर्धा तास निथळू द्यावे आणि दोन्ही वजने लिहून ठेवावीत. दुसऱ्या भांड्यातील जेलवर पुढील तीन दिवस रोज ताजे सिंचनाचे पाणी घालून पुन्हा वजन करावे, कारण शेतात प्रत्येक पाळीबरोबर नवे कॅल्शियम येत असते. वजन दिवसागणिक घटत गेले तर ते जेल घेऊ नये. माझा स्वतःचा अंदाज असा की आपल्या पाण्यात पन्नास पटही न फुगणाऱ्या जेलवर खर्च करण्यापेक्षा त्या पैशांतून कुजलेले शेणखत आणि आच्छादन केलेले बरे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने (पुसा) विकसित केलेल्या पुसा हायड्रोजेलची शिफारस हेक्टरी २.५ ते ५ किलो आहे. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत मी वरच्या मात्रेकडे झुकतो, भारी चिकण जमिनीत मात्र ते टाकण्याची मला घाई वाटत नाही. दुप्पट मात्रा घ्या म्हणजे पाण्याची चिंता मिटेल, असे विक्रेता सांगत असेल तर त्याला हा हिशेब दाखवावा: ५ किलो जेलने ३५० पट पाणी धरले तरी ते १,७५० लिटर होते, आणि हेक्टरवर पडलेला १ मिलिमीटर पाऊस १०,००० लिटर असतो. मुळाशी बसलेले जेल पाण्याची पाळी थोडी पुढे ढकलू शकते, पण ती वाचवू शकत नाही.

जेलच्या ओळीत कॅल्शियम नायट्रेट, जिप्सम, झिंक सल्फेट किंवा फेरस सल्फेट देऊ नये, कारण त्यांतील दुहेरी धन भारही दाणा तसाच आवळतो.



जेल पृष्ठभागावर पसरून ठेवू नये, कारण उन्हातील अतिनील किरणांनी साखळ्या तुटतात व दाण्याचा चिकट लगदा होतो. ते मुळांच्या थरातच पडले पाहिजे. सेल्युलोजवर आधारलेले जेल जमिनीतील जिवाणूही हळूहळू खातात. म्हणून मागील हंगामातील जेल अजून काम करते असे गृहीत धरू नये. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मुळाजवळची मूठभर माती उकरावी, आणि फुगलेले पारदर्शक दाणे हाताला लागले नाहीत तर त्या शेतात जेल नाही असे समजून पाण्याची पाळी ठरवावी.