रक्ताच्या कॅन्सरची शंका आणि छातीतली धडधड: तपासणीच्या दिवसांत या चुका टाळा

गेल्या एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या हंगामात, बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे बरंच कमी; पांढऱ्या पेशी ६२,०००, म्हणजे कितीतरी जास्त. लॅबवाल्याने रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकली आणि विषय संपवला. तिथून पक्कं उत्तर हातात पडेपर्यंत १९ दिवस गेले. बाबा ६६ वर्षांचे, देवगडकडचे बागायतदार, ६ वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसलेला. त्या १९ दिवसांत आम्ही घरच्यांनी चुकांवर चुका केल्या. त्या इथे लिहितोय, कारण आपल्या कोकणात घरोघरी थोड्याफार फरकाने हेच घडताना दिसतं.

प्रत्येक धडधडीला ‘टेन्शन’ म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक. सड्यावरच्या बागेतून खाली आले की बाबा पडवीत खांबाला टेकून बसायचे. “छातीत फडफडता रे,” असं दोनदा म्हणाले. आम्ही दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं, “टेन्शन घेऊ नका.” जणू टेन्शन ही त्यांनी हौसेने घेतलेली वस्तू होती.

हिमोग्लोबिन कमी झालं की रक्तातून अंगाला पोचणारा ऑक्सिजन कमी पडतो. ती तूट भरून काढायला हृदय जास्त वेगाने धावतं. धडधाकट माणूस हे बरेच दिवस पेलतो. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याला मात्र याच श्रमाने छातीत दुखू शकतं, दम लागू शकतो. आता गंमत नाही पण गोची अशी, की भीतीनेही नेमकं हेच होतं. धडधड, घाम, श्वास अपुरा. ज्याला होतंय त्याला आतून फरक कळत नाही, मग पडवीत बसलेल्या आपल्याला कसा कळणार?

म्हणून अंदाज बांधू नका, नाडी मोजा. पाच मिनिटं शांत बसवायचं, मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. बसल्या जागी मोठ्या माणसाचे साधारण ६० ते १०० असतात. बाबांचे ११२ भरले. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब लिहायची वही होती, तिच्याच मागच्या पानावर तारीख, वेळ, ठोके आणि त्याआधी काय करत होते ते लिहायला लागलो. चार दिवसांनी ते पान डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा त्यांनी लगेच ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितला. ‘घाबरल्यासारखं होतं’ या वाक्याने जे झालं नव्हतं ते त्या पानाने झालं.

आणि छातीत दाबल्यासारखं होऊन हात, जबडा किंवा पाठीत कळ गेली, दरदरून घाम फुटला, चक्कर आली, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. त्या क्षणी टेन्शन की हार्ट हा वाद घरात घालायचा नाही.

ॲस्पिरिन परस्पर बंद करणं

बाबांनी ती आपल्या मनानेच बंद केली होती. कुणीतरी सांगितलं, ‘रक्ताचा आजार आहे, रक्त पातळ करायची गोळी कशाला?’ आम्हाला हे कळलं आठव्या दिवशी, गोळ्यांचं पाकीट होतं तसंच भरलेलं दिसलं तेव्हा. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर ही गोळी थांबवावीही लागते, पण तो निर्णय प्लेटलेटचा आकडा आणि स्टेंटची फाइल समोर ठेवून डॉक्टर घेतात. बाबांच्या प्लेटलेट ३ लाखांच्या वर होत्या. त्यांना गोळी थांबवायचं काही कारणच नव्हतं. बीपी आणि साखरेच्या गोळ्यांचंही तेच. धावपळीत सगळ्यात आधी चुकतात त्या रोजच्या गोळ्या.

उलट अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

तपासणीआधीच उपचार उरकणं

‘आधी दोन बाटल्या रक्त तरी चढवा’ असा आग्रह नातेवाईक धरतात. मीही धरला होता. बी-१२ ची कमतरता, लोह यांच्या तपासणीचं रक्त चढवण्याआधी घेतलेलं बरं. शिवाय अशक्त हृदयावर एकदम जास्त रक्त चढवलं तर फुप्फुसात पाणी साचू शकतं, म्हणून अशा रुग्णाला सावकाश आणि मोजूनमापून देतात. पांढऱ्या पेशी खूपच वाढलेल्या असतील तर रक्त आणखी दाट होण्याचाही धोका असतो. घाई करायची की नाही हे डॉक्टरांवर सोपवा.

स्टिरॉइडचं याहून गंभीर. काही ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि लिम्फोमामध्ये (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) स्टिरॉइडने पेशी तात्पुरत्या विरतात, आणि मग बायोप्सीत आजार नेमका ओळखूच येत नाही. गाठीवर किंवा तापावर कुणी ‘पावरफुल’ गोळी दिली असेल तर तिची पट्टी सोबत न्या. झाडपाल्याचं औषध घेतलं असेल तर तेही लाजू नका, सांगा.

देवळात गाऱ्हाणं जरूर घाला. आम्ही घातलं, आणि त्या रात्री बाबा बऱ्याच दिवसांनी झोपले. पण तपासणी करायची की नाही यासाठी कौल लावत बसू नका. त्यात आठवडा जातो.

रात्री रिपोर्ट वाचत बसणं

आकड्यापुढचा ‘H’ किंवा ‘L’ म्हणजे निदान नव्हे. मशीनने शंका दाखवली की पॅथॉलॉजिस्ट स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, त्यानंतर खरं काही म्हणता येतं. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू असतोच. जंतुसंसर्गात पांढऱ्या पेशी वाढतात, डेंग्यूत प्लेटलेट घसरतात, बी-१२ फार कमी झालं तर सगळ्याच पेशी कमी होऊ शकतात. मी पहाटे तीनपर्यंत मोबाइलवर वाचत बसलो आणि सकाळी बाबांसमोर जो चेहरा घेऊन गेलो, तोच त्यांनी वाचला.

‘बाबांना सांगू नका’

आमच्याकडे ‘टाटाला नेलं’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. कणकवलीला कोकणकन्येची वाट बघत बाकावर बसलो होतो. बाबांनी सरळ विचारलं, “टाटाक व्हरतंस मा माका?” मी म्हटलं, “नुसतं दाखवायला.” ते काही बोलले नाहीत. रात्रभर वरच्या बर्थकडे बघत पडून होते. खोटं बोलून मी त्यांची भीती कमी केली नाही, ती बोलून दाखवायची सोय तेवढी काढून घेतली.

‘शंका आहे, खात्री नाही, म्हणून तपासतोय’ हे खरं आहे आणि एवढं सांगता येतं. पुढे किती ऐकायचं ते त्यांना ठरवू द्या.

बोन मॅरोबद्दलही, म्हणजे हाडातला मगज काढून करायच्या तपासणीबद्दलही, आधीच नीट सांगा. ‘मणक्यातून पाणी काढतात, कंबर जाते’ हे गावात ठाम समजलं जातं. सुई मणक्यात जातच नाही. कमरेच्या मागच्या बाजूला पँटचा पट्टा बसतो त्या खालच्या रुंद हाडात जाते, जागा बधिर करून. मगज ओढून घेताना काही सेकंद जोराची कळ येते, ती मात्र लपवू नका. बाबांनी माझा हात धरून ठेवला होता. सिस्टर मोठ्याने आकडे मोजत होती, सातपर्यंत गेली तेवढ्यात झालं.

टूडी इको लिहून दिला की ‘आता हृदयपण गेलं’ असं समजू नका. डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन यांसारखी केमोची औषधं हृदयाचा स्नायू कमजोर करू शकतात, म्हणून ती सुरू करण्याआधी हृदयाची ताकद नोंदवून ठेवतात.

सांभाळणाऱ्याकडे दुर्लक्ष

अकराव्या रात्री आईच्या छातीत गच्च झालं, बोटांना मुंग्या आल्या, ती म्हणाली, “मी आता जातंय.” आम्ही ग्रामीण रुग्णालयात नेलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, हा पॅनिक अटॅक, काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. आधी ईसीजी, मग हे नाव, हा क्रम महत्त्वाचा. पन्नाशीपुढच्या बाईला तर ‘घाबरलीय’ म्हणून झोपवू नका. जबर धक्क्याने हृदयाचा स्नायू खरोखर तात्पुरता दुबळा होऊ शकतो.

ती आठवडाभर नीट जेवलीच नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा करायची आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायची. मग मावशीने ते काम घेतलं: येणाऱ्यांशी ती बोलणार, आई आत पडून राहणार. मनावरच्या ताणासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आई दोनदा बोलली. झोपेची गोळी शेजाऱ्याकडची घेऊ नका. ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास, मी नसलेलोच बरा’ असं रुग्ण बोलला तर ते बोलणं हसण्यावारी न्यायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

१९ व्या दिवशी बीसीआर-एबीएल या जनुकाच्या तपासणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया), रक्ताच्या कॅन्सरचा रोजच्या गोळीने आवरता येणारा प्रकार. इमॅटिनिब ही गोळी सुरू झाली. बाबांनी डॉक्टरांना एकच विचारलं, बागेत कधी जाऊ? डॉक्टरांनी वहीचं मागचं पान पुन्हा एकदा उलटून बघितलं आणि म्हणाले, हिमोग्लोबिन १० च्या वर येऊ दे, तोवर चढण चढायची नाही, खाली बसून पेट्या मोजा. उरलेला हंगाम बाबांनी पडवीतच मोजला, पुढच्या पानांवर पेट्या आणि मागच्या पानांवर ठोके.