गुडघ्यावर मारलं तरी पाय उडत नाही? प्रतिक्षिप्त क्रियेच्या बाबतीत या चुका टाळा

गुडघ्याखाली टोला मारला की पाय आपोआप उडतो, ही प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे न ठरवता आपोआप होणारी हालचाल. पुस्तकात वाचलेला हा प्रयोग घरी करून बघताना गुडघ्यावर चार-पाच बुक्क्या बसतात, पाय ढिम्म हलत नाही, आणि मग शंका येते, "माझ्या नसा कमजोर तर नाहीत ना?" बहुतेक वेळा नसा ठणठणीत असतात. मारणाऱ्याचा नेम चुकलेला असतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वाटीवर मारणं. वाटी हे हाड, त्यावर ठोकून दुखण्यापलीकडे काही होत नाही. वाटीच्या खालच्या कडेवरून बोट खाली सरकवा. दोन्ही बाजूंना मऊ खळगे आणि मधे दोरीसारखा घट्ट पट्टा लागेल. तो स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा; टोला तिथे हवा. तळहाताच्या कडेने हलकेच मारा आणि हात लगेच उचला; दाबून ठेवलात तर उपयोग नाही. या टोल्याने मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. ताण ओळखणारे तंतू कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूला निरोप देतात आणि तिथून "आकुंचन पाव" असा हुकूम परत येतो. वाटेत फक्त एक सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला एकच सांधा! या मार्गाची आकृती काढताना इथे मधली सहयोगी (दोन चेतापेशींना जोडणारी) चेतापेशी घुसवू नका. ती मांडीच्या मागच्या स्नायूला गप्प बसवणाऱ्या फाट्यावर असते.

दुसरी अडचण बसण्याची. पाय जमिनीला टेकलेले किंवा मांडी आवळलेली असेल, तर टोला बरोबर बसूनही काही दिसत नाही. उंच जागी बसून पाय मोकळे लोंबू द्या आणि गुडघ्याकडे टक लावून पाहू नका. तरीही जमत नसेल तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढा, आणि त्याच क्षणी दुसऱ्याला टोला मारायला सांगा. हंगेरीचे डॉक्टर येंद्राशिक यांच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती डॉक्टर आजही वापरतात. दुखऱ्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर मात्र हे प्रयोग नकोत. दोन्ही पाय सारखेच कमी उडत असतील आणि दुसरा काही त्रास नसेल, तर सहसा काळजीचं कारण नसतं. एकाच बाजूला फरक दिसतोय, किंवा सोबत बधिरपणा, अशक्तपणा आहे, तर डॉक्टरांना दाखवा.

ओढले हात आणि उडाला पाय, म्हणजे वरून, मेंदूकडून, काहीतरी खाली पोचतंच. म्हणूनच "प्रतिक्षिप्त क्रियेत मेंदूचा काही संबंध नसतो" हे घोटलेलं वाक्य मला खटकतं. मेंदूच्या परवानगीची वाट पाहिली जात नाही, इतकंच खरं. चटका बसला की हात आपोआप मागे येतो, पण हातात उकळत्या पाण्याचं भांडं असेल तर माणूस ओठ चावून ते खाली ठेवेपर्यंत धरून राहतो. तो आवर मेंदूच घालतो. शिवाय उजेडात बाहुली आकसते, त्याचा मार्ग मज्जारज्जूतून जातच नाही. तो मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागातून जातो.

आता पट्टी पकडण्याचा खेळ. वरून सोडलेली पट्टी चिमटीत पकडणं ही प्रतिक्षिप्त क्रिया नाही. डोळ्याने पाहिलं, मेंदूने ठरवलं, बोटं मिटली, असा लांबचा प्रवास तिथे असतो. पट्टी २० सेंटीमीटर खाली घसरल्यावर पकडली तर साधारण ०.२ सेकंद लागले. गुडघ्यावरच्या टोल्यानंतर मांडीचा स्नायू साधारण ०.०२ सेकंदात जागा होतो. पट्टीचा खेळ सरावाने थोडा सुधारतो, गुडघ्याचा झटका सरावाने शिकावा लागत नाही. आणि कोणी ५ सेंटीमीटरवरच पट्टी पकडून दाखवली, तर तो हिशोब जेमतेम ०.१ सेकंदाचा होतो. त्याने बहुधा पट्टी सुटताना पाहिलीच नाही, अंदाजाने बोटं मिटली. तो आकडा खोडा आणि पट्टी थोडं थांबून, बेसावध गाठून पुन्हा सोडा.